डॉलरचे दिवस इतक्यात भरलेले नाहीत

पूर्वेकडील देश डॉलरला लवकरच बाजूला सारतील, हे अलीकडे अनेकदा मांडले जाणारे मत मला घाईचे वाटते. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली आणि त्यामुळे अनेक राष्ट्रे सावध झाली, हे खरे. परंतु सावध होणे वेगळे आणि पर्याय उभा करणे वेगळे. चीनने २०१५ मध्ये युआनमधील व्यवहारांसाठी स्वतःची देयक प्रणाली सुरू केली, तरी भांडवलाच्या ये-जा करण्यावरील नियंत्रणे कायम ठेवली. जे चलन हवे तेव्हा देशाबाहेर नेता येत नाही, त्यात आपली बचत कोण ठेवील?

अमेरिका आणि चीन यांच्यातील खरी चुरस मला चलनापेक्षा पुरवठ्याच्या नाड्या कोणाच्या हाती आहेत यात दिसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवणारी यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले. पुढच्याच वर्षी चीनने चिप बनवण्यासाठी लागणाऱ्या गॅलियम व जर्मेनियम या धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट लावली. (या धातूंची नावे तोवर किती जणांनी ऐकली होती, कोण जाणे!) चीनच्या हातातील दुसरी नाडी म्हणजे दुर्मिळ मृदा खनिजे, म्हणजेच शक्तिशाली चुंबक व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी लागणारी खनिजे (रेअर अर्थ्स). ती इतरत्रही सापडतात, मात्र त्यांचे शुद्धीकरण खर्चिक आणि प्रदूषणकारक असल्यामुळे पाश्चात्त्यांनी ते काम खुशाल चीनकडे जाऊ दिले.