बाबांच्या जाकिटातली वाळू: बेटावरच्या निवांत सहलींचे अनुभव सांगा

वावरकाठ
काल आईकडे गेली होती, दिवाळीच्या आधीची आवराआवर. कोठीच्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली तर बाबांचं काळं जाकीट निघालं. ओसरीत आणून झटकलं तर खिशातून बारीक पांढरी वाळू सांडली, चिमूटभरच. मी झाडू घ्यायला वळली तशी आई म्हणाली, "राहू दे, झाडू नको." मग कागदाच्या पुडीत बांधून ठेवली.

ती वाळू अंदमानची, राधानगरच्या किनाऱ्यावरची. 2019 चा फेब्रुवारी. तूर घरात आली होती, कापसाची शेवटची वेचणी झाली होती. बाबांनी जन्मभर कास्तकारी केली, पण समुद्र पाहिला नव्हता. भाऊ म्हणाला, या वर्षी नाही नेलं तर कधीच नेणार नाही. पोर्ट ब्लेअरला दोन रात्री, हॅवलॉक बेटावर तीन (राधानगर तिथंच), नील बेटावर दोन आणि परत येताना पोर्ट ब्लेअरला एक. कागदोपत्री आता श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप, पण आम्ही जुनीच नावं घेतो. बस. सगळे म्हणत होते एवढे पैसे खर्चून जाता तर बाराटांग बेट पण करा, हे पण करा. भावानं ऐकलं नाही.

राधानगरला बाबा पाण्याच्या कडेला उकिडवे बसले. ओली वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडून पाहिली. वावरात पेरणीच्या आधी वाफसा पाहतात ना, तसंच. म्हणाले, "धरते, पण लगेच सुटते." मग तिथंच दोन तास बसले. कोणी काही बोललं नाही. रात्रीच्या लाइटवर मोटर लावायची म्हणून बाराला उठायची सवय, ते तिथंही उठायचे. मी एकदा विचारलं, झोप नाही येत का? तर म्हणाले, "झोप झाली. ऐकून रायलो."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आता येत्या फेब्रुवारीत आईला आणि सासूबाईंना घेऊन परत जायचं आहे. दोघी पासष्टच्या पुढच्या, आईचे गुडघे दुखतात. तुम्ही कोणत्या बेटावर गेले, कुठं किती रात्री राहिले, काय गाळलं, ते लिहा. अंदमानच पाहिजे असं नाही.

फल्लीदाणा
ताई वाचून डोये भरून आले. आमच्या बाबानं बी समुद्र नाई पायला. चिखलदऱ्याच्या पुढं गेलेच नाई कधी. बाकी मंग लिहितो, दूध काढाचं हाय.

बल्लारशाची_गाडी
आम्ही बल्लारशावरून चेन्नईची गाडी घेतली आणि तिथून विमान. चेन्नईहून सव्वादोन तास लागतात. गाडी सकाळी पोचणार, दुपारचं विमान, असा हिशोब केला होता. गाडी पाच तास उशिरा. विमान गेलं. चौघांची तिकिटं वाया, दुसरी काढली तेव्हा किंमत दुपटीच्या वर. घरची शिदोरी खात स्टेशनवर बसलो होतो, माझ्या मुलीनं एक शब्द तक्रार केली नाही, ते आठवलं की आजही तिचं कौतुक वाटतं. तर चेन्नईला एक रात्र मुक्काम कराच, जाताना तरी. म्हातारी माणसं असली की गाडीतून उतरून लगेच विमानात बसवू नका.

सातबारा_हातात
वरच्या दादांचं एकदम बरोबर. माझं दुसरं दुखणं. आम्ही एका एजंटकडून सहल घेतली, नाव लिहित नाही. पाच रात्रीत सगळं कोंबलं होतं. बाराटांगला जायला पहाटे साडेतीनला उठवलं. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्यांचा ताफा ठरल्या वेळीच सोडतात, म्हणून एवढ्या लवकर निघावं लागतं. फोटो काढायला बंदी, थांबायला बंदी, आणि ते योग्यच आहे. त्या लोकांचं घर आहे ते. पण वडलांना जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत बसवलं, मध्ये चुनखडीच्या गुहेपर्यंत चालणं. संध्याकाळी त्यांचे पाय सुजून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोट! हॅवलॉकला एकच रात्र, तीही दमून झोपेत गेली. ताई, तुमच्या भावानं ऐकलं नाही ते फार चांगलं केलं.

मालगुजारी_तलाव
गोंदिया जिल्ह्यातून. आमच्याकडे कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, त्यामुळे पाणी नवं नाही पण खारं पाणी नवं. बोटीत बसताना आईला मळमळलं. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी द्या, सुटल्यावर देऊन उपयोग नाही. आणि मागच्या बाजूला, मधल्या रांगेत बसवा, तिथं हेलकावे कमी.

बोटीचं एक लक्षात ठेवा. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करा. म्हणजे परत परत तोच रस्ता होत नाही. हॅवलॉक ते नील तासाभराचं अंतर. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, कारण हवा बिघडली की बोटी बंद करतात. आमच्यासमोर एक कुटुंब जेट्टीवर रडत होतं, त्यांचं विमान त्याच दुपारी होतं.

माशांबद्दल वेगळा धागा काढा कोणीतरी. तिथं बंगाली लोकांच्या हातची मच्छी खाल्ली आणि आमच्या ढिवर काकूंच्या हातचे झिंगे आठवले.

तर्रीपोहा
सांबाराची गोष्ट सांगते!! सासूबाईंनी पोर्ट ब्लेअरच्या खानावळीत सांगितलं, भाजीवर थोडा सांबार टाकून द्या बाप्पा. तो तमिळ मुलगा आत गेला आणि वाटीभर गरम सांबारडाळ आणून भाजीवर ओतली. सासूबाई पाहतच राहिल्या. मग मी हातानं पानं चुरायची खूण केली तेव्हा त्याला कळलं, कोथिंबीर. रोज संध्याकाळी मग तो आपणहून वाटीत चिरलेला सांबार आणून ठेवायचा. निघताना सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

फल्लीदाणा
😂😂 सांबाराले सांबार नाई म्हणाव तं काय म्हणाव

निळी_पाखरं
आम्ही श्रीलंकेला गेलो होतो, 2023 चा फेब्रुवारी. घरची सात माणसं, त्यात माझी आजी. आजी 14 ऑक्टोबर 1956 ला आईच्या कडेवर बसून नागपूरला गेली होती. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापूरच्या झाडाचा आहे हे ती आम्हाला लहानपणापासून सांगायची. म्हणून पहिला मुक्काम अनुराधापूर, तीन रात्री. तिथला महाबोधी म्हणजे संघमित्रेनं बोधगयेच्या झाडाची फांदी नेऊन लावलेला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. झाडाला सोन्याच्या रंगाचे टेकू दिलेले आहेत. आजी पांढरं लुगडं नेसून गेली, चपला बाहेर काढल्या. तिथं सगळे पांढऱ्या कपड्यात, कोणाची भाषा कळत नाही, पण "बुद्धं सरणं" सुरू झालं आणि आजीचा आवाज त्यांच्यात मिसळला. तिच्या शेजारी एक सिंहली म्हातारी होती, तिनं आपल्या हातातली कमळं अर्धी आजीला दिली. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या.

दुसरा मुक्काम कँडी, दोन रात्री. बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर तळ्याच्या काठी आहे. बाबासाहेब 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेला याच गावी आले होते, ते आजीला सांगितलं तर ती तळ्याच्या कठड्याला हात लावून आली. मग रेल्वेनं एल्ला, सहा-सात तास लागतात पण चहाच्या मळ्यांतून जाते, आजी खिडकीतून हललीच नाही. शेवटी दक्षिणेला गॉल गावी, समुद्रकाठी तीन रात्री, काही करायचं नाही असं ठरवून. डच लोकांच्या किल्ल्याच्या तटावर संध्याकाळी गावातली पोरं पतंग उडवतात, तेच पाहत बसायचो.

सिगिरियाचा खडक गाळला, बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आजीसाठी गाळला, त्याचं वाईट वाटलं नाही. फणसाची भाजी नारळाच्या दुधात करतात, ती मिळाली तर खा. पासपोर्ट लागतो, आणि प्रवासाची परवानगी आम्ही आधी ऑनलाइन काढली होती. पाऊस तिथं वर्षातून दोन वेळा असतो, दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला जानेवारी ते मार्च कोरडं असतं.

वावरकाठ
निळी_पाखरं, कमळांचं वाचून मी फोन खाली ठेवला थोडा वेळ. आजी आहेत का अजून?

निळी_पाखरं
आहे ताई. 70 वर्षांची झाली. अंगणात बसून तूर पाखडून रायली आत्ता. तुमचा धागा वाचून दाखवला तिला. म्हणाली त्या बाईला सांग, गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून चोळायचं, आणि समुद्राच्या वाळूत हळूहळू चालायचं.

पाटीवरची_पूजा
निवृत्त शिक्षिका, यवतमाळ जिल्हा. सेल्युलर जेलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुपारी जाऊ नका, ऊन आणि दमटपणा सोसत नाही. सकाळी लवकर जा किंवा सायंकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम पाहा. 1906 साली बांधून झालं, सात बाजूंनी सात रांगा होत्या, आज तीन उरल्या आहेत. एका कोठडीचं दार दुसऱ्या रांगेच्या पाठीकडे, म्हणजे कोणाला कोणाचं तोंड दिसू नये.

तिथं कोलू ठेवला आहे, तेलाचा घाणा. माझे आजोबा तेली, आमच्या घरी घाणा होता, बैल फिरायचा. कैद्याला त्या बैलाच्या जागी जुंपायचे आणि दिवसाला तीस पौंड नारळाचं तेल काढायला लावायचे. तेलाच्या घाण्याचा आवाज माझ्या कानात लहानपणापासून आहे. मी तिथल्या लाकडाला हात लावला आणि मला उभं राहवेना. मुलानं बाकावर बसवलं. त्या दिवशी दुसरं काही पाहिलं नाही, चहा प्यायलो आणि खोलीवर गेलो. कार्यक्रमात एवढी जागा ठेवा की एखादं ठिकाण पाहून गप्प बसावंसं वाटलं तर बसता येईल.

आणखी एक, तिथं अंधार लवकर होतो. घड्याळ आपलंच पण बेटं खूप पूर्वेला. साडेपाचलाच सूर्य बुडतो. आम्ही पहिल्या दिवशी आरामात सहाला किनाऱ्यावर गेलो तर काळोख. पहाट पण लवकर होते, म्हणून दिवस सकाळी सुरू करा आणि दुपारी झोपा.

सातबारा_हातात
बाई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आम्हाला जेलमध्ये चाळीस मिनिटं दिली होती.

नवीनलग्न_जुनीदुचाकी
आम्ही दोघंच गेलो होतो त्यामुळे आमचं वेगळं. समुद्रात बुडी मारायची असेल तर सुरुवातीच्या दिवसांत उरकून घ्या. बुडी मारल्यावर 18 ते 24 तास विमानात बसू नये असं शिकवणाऱ्यानं बजावलं होतं. शंख आणि पोवळ्यांचे तुकडे उचलू नका, विमानतळावर सामानात सापडले तर काढून घेतात. काकूंना नीलचा नैसर्गिक पूल दाखवायचा असेल तर ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून जा. भरतीला तिथं पोचताच येत नाही. आणि तिथं मेलेल्या पोवळ्यांचा खडक फार निसरडा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच पाहावं.

फल्लीदाणा
दूध झालं काढून. भाऊ पुलापर्यंत रिक्षा जाते का?

नवीनलग्न_जुनीदुचाकी
जवळपर्यंत जाते, पुढं पायी.

वावरकाठ
सगळ्यांचं वाचलं, आईला पण वाचून दाखवलं. ठरलं असं: चेन्नईला एक रात्र, पोर्ट ब्लेअर दोन, हॅवलॉक तीन, नील तीन, परत पोर्ट ब्लेअर एक. नीलची एक रात्र वाढवली. पूल गाळला, बाराटांग तर नाहीच.

नील का वाढवलं ते सांगते, पहिल्यांदा लिहायचं राहिलं. नील म्हणजे भाजीपाल्याचं बेट. पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं तिथं वसवली आहेत, ती पोर्ट ब्लेअरला भाजी पाठवतात. लक्ष्मणपूरच्या रस्त्यानं जाताना बाबांना समुद्राच्या जवळ वांग्याचं वावर दिसलं आणि त्यांनी रिक्षा थांबवली. धुऱ्यावर एक माणूस फवारणीचा पंप खांद्याला लावत होता. बाबांना बंगाली येत नाही, त्याला मराठी येत नाही, दोघांची हिंदी तुटकी. पण बाबांनी पान उलटं केलं, खालची बारीक माशी दाखवली, त्यानं मान हलवली. मग कितवी तोड आहे, पाणी कुठून, मजुरी काय, सगळं बोलले. अर्धा तास. त्या माणसानं पाच वांगे तोडून पिशवीत दिले, पैसे घेतले नाहीत. आम्ही ज्या घरी राहत होतो तिथल्या काकूंना आईनं ते वांगे भाजून भरीत करून खाऊ घातलं, तेल आणि मिरची घरून नेलेली होती. बाबा जेवताना म्हणाले, खारी हवा आहे पण वांगं गोड आहे.

आईला तो माणूस भेटतो का पाहायचं आहे. नाव माहीत नाही, वावर ओळखू येईल असं ती म्हणते.

मालगुजारी_तलाव
भेटेल ताई. कास्तकार वावर सोडून कुठं जाते?

पाटीवरची_पूजा
आपल्याकडचं वांग्याचं बी थोडं घेऊन जाऊ का, असं वाटेल, पण आधी चौकशी करा. बेटावर बी-रोपं न्यायला नियम असू शकतात. त्याऐवजी भिवापूरची मिरची पूड न्या. आनंद होईल त्यांना.

तर्रीपोहा
आणि वाळूच्या पुडीचं काय ठरलं?

वावरकाठ
मी म्हटलं सोबत घेऊन जाऊ, तिथंच सोडू. आई नाही म्हणाली. तिनं ती परत जाकिटाच्या खिशात ठेवली आणि पेटीत डांबरगोळ्या टाकल्या.

फल्लीदाणा
ताई बल्लारशावरून थे चेन्नईची गाडी कोणत्या टायमाले निंगते? बाबाले विचारलं आत्ता. हो म्हणाले.