मदत हवी आहे: बातमी उघडली की व्हिडिओ आपोआप वाजायला लागतो, कायमचा बंद कसा करायचा?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून धागा काढतोय. कुठलीही मराठी बातमी उघडा, दोन ओळी वाचून होत नाहीत तोवर खालून व्हिडिओ वर सरकतो, कोपऱ्यात चिकटून बसतो आणि मोठ्यानं वाजायला लागतो. बंद करायची फुली मोहरीएवढी, ती दाबायला गेलं की जाहिरातच उघडते. आई रोज जेवणानंतर बातम्या वाचते, तिचं दिवसाचं दीड जीबी संध्याकाळच्या आत संपतं आणि मग रात्री नातवाला व्हिडिओ कॉल लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन पॉपअप बंद केले, जाहिरातींचं पण काहीतरी बंद केलं, ढिम्म फरक नाही. हे कायमचं कसं घालवायचं तेवढं सांगा. लवकर सांगा प्लीज, उद्या सकाळी मी पुण्याला परत निघतोय, त्याआधी करून द्यायचंय.

टेकतात्या
फोन का लॅपटॉप? अँड्रॉइड का आयफोन? ब्राउझर कुठला? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

चहाबाज
फायरफॉक्स ब्राउझर टाका, त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा जादा भाग) टाका, विषय संपला. माझ्या घरी सगळ्यांच्या फोनवर हेच आहे.

आठबेचाळीस_लोकल
ब्रेव्ह टाका. एक्स्टेन्शनची भानगडच नाही, जाहिराती अडवायचं काम ब्राउझरच्या आतच आहे. घरच्या वयस्कर माणसांना एक्स्टेन्शन वगैरे समजावत बसू नका.

साधा_माणूस
फोनची रॅम किती आहे? चार जीबीच्या खालचा असेल तर आता बदलाच, दिवाळीच्या सेलमध्ये चांगले मिळतात. मी वडिलांना घेतला, एकदम मक्खन चालतो.

वारणाकाठ
@टेकतात्या फोनच हो. अँड्रॉइड. ब्राउझर नेहमीचाच. @साधा_माणूस फोन नवीन आहे, प्रश्न फोनचा नाहीये.

टेकतात्या
नेहमीचा म्हणजे क्रोम धरून चालतो. मग आधी हे समजून घ्या की तुम्ही जे बंद केलंत त्याने हा व्हिडिओ थांबणारच नव्हता. क्रोममध्ये जाहिरातींचा जो फिल्टर आहे तो २०१८ च्या फेब्रुवारीत आधी अमेरिका-युरोपात आला आणि जुलै २०१९ पासून जगभर लागू झाला. तो सगळ्या जाहिराती अडवत नाही. कंपन्यांनी मिळून ठरवलेली एक यादी आहे, तिच्यात पॉपअप, आवाजासकट आपोआप सुरू होणारी व्हिडिओ जाहिरात, मोबाइलवर मजकुराच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त जागा खाणाऱ्या जाहिराती असले प्रकार आहेत. एखादी साइट ते वारंवार करत असेल तरच फिल्टर तिला हात लावतो. आणि तुमच्या आईंना दिसतोय तो बहुतेक बातमीचाच व्हिडिओ आहे, त्याच्या आधी जाहिरात जोडलेली. ब्राउझरच्या लेखी तो साइटचा मजकूर.

आता आवाजाचं. क्रोमने एप्रिल २०१८ पासून आवाजासकट ऑटोप्ले बंद केला, पण म्यूट असेल तर व्हिडिओ खुशाल चालतो. आणि तुम्ही त्या पानावर कुठंही बोट लावलंत, कुकीजचं ‘मान्य’ दाबलं किंवा ‘पुढे वाचा’ दाबलं, की ब्राउझर समजतो या माणसाला इथं रस आहे आणि आवाजाला परवानगी मिळते. म्हणून तर अर्धी बातमी झाकून ‘पुढे वाचा’ ठेवलेलं असतं तिथं हमखास आवाज सुरू होतो. नीट बघा, आईंच्या फोनवर असंच होत असणार.

वारणाकाठ
अगदी असंच होतं!! ‘पुढे वाचा’ दाबलं की लगेच. आत्ता करून बघितलं. पण मग बंद कसं करू?

टेकतात्या
फक्त आवाज घालवायचा असेल तर क्रोम, सेटिंग, साइट सेटिंग, साउंड, तिथं बंद करा. सगळ्या साइट मुक्या होतात. यूट्यूब अ‍ॅपला काही होत नाही, ते वेगळं आहे. पण डेटा वाचणार नाही. मुका व्हिडिओसुद्धा तेवढाच डेटा खातो. आणि व्हिडिओच सुरू होऊ नये असं बटण क्रोमच्या मोबाइल सेटिंगमध्ये नाहीये.

चहाबाज
म्हणूनच म्हणतोय फायरफॉक्स. त्यात ते बटण आहे. सेटिंगमध्ये साइटच्या परवानग्यांत ऑटोप्ले म्हणून आहे, चार पर्याय येतात, त्यातला ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही अडवा हा घ्यायचा. फक्त मोबाइल डेटावर असताना अडवा असाही एक आहे, घरी वायफाय असणाऱ्यांना तो बरा. त्यावर युब्लॉक ओरिजिन टाकलं की जाहिरात डाउनलोडच होत नाही, मग डेटा कुठून जाणार. क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत एक्स्टेन्शनच चालत नाहीत आणि कॉम्प्युटरवरच्या क्रोमने तर युब्लॉक ओरिजिनच बंद पाडलं, मॅनिफेस्ट व्ही३ या एक्स्टेन्शनसाठीच्या नव्या नियमांच्या नावाखाली. जो स्वतः जाहिरातींवर जगतो त्याच्याकडून जाहिराती अडवायची अपेक्षा करायचीच कशाला.

आठबेचाळीस_लोकल
फायरफॉक्स तरी कुणाच्या पैशावर चालतं? गूगलच सर्चसाठी पैसे देतं ना त्यांना. उगाच साधुसंत करू नका.

चहाबाज
पैसे घेतात पण युब्लॉक चालू ठेवलंय. तुमच्या ब्रेव्हने २०२० मध्ये काय केलं होतं? लोक क्रिप्टो साइटचा पत्ता टाइप करत होते आणि ब्राउझर त्यात स्वतःचा रेफरल कोड (ग्राहक आणल्याचं कमिशन मिळवून देणारा) जोडत होता. कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली.

आठबेचाळीस_लोकल
मागितली आणि काढून टाकलं. आज कुणी वापरून बघा, आईच्या वयाच्या माणसाला क्रोम आणि ब्रेव्हमधला फरकसुद्धा कळत नाही, दिसायला तेच, बटणं तिथंच. नवीन काही शिकवावं लागत नाही. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याची पट्टी खाली का वर इथपासून फोन येतात घरून.

मांडवीकर
तुम्ही दोघं ब्राउझरवरून भांडताय, ब्राउझर बदलायची गरजच नाही. प्रायव्हेट डीएनएस करा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा). अँड्रॉइड ९ पासून पुढच्या सगळ्या फोनमध्ये आहे. सेटिंग, नेटवर्क, प्रायव्हेट डीएनएस, तिथं अ‍ॅडगार्डच्या डीएनएसचं नाव टाका. जाहिरातींच्या सर्व्हरचा पत्ताच फोनला मिळत नाही, मग ब्राउझर असो नाहीतर गेम, सगळीकडच्या जाहिराती जातात. एकदा केलं की विसरून जायचं.

टेकतात्या
@मांडवीकर उपाय चांगला आहे पण इथला प्रश्न त्याने पूर्ण सुटणार नाही. जाहिरात आणि व्हिडिओ दोन्ही साइटच्या स्वतःच्याच सर्व्हरवरून येत असतील तर डीएनएसला त्यातला फरक कळत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीही त्याच कारणाने जात नाहीत. शिवाय फोन कुठकुठल्या साइटवर जातो ते सगळं त्या डीएनएसवाल्याला दिसतं, हे माहीत असू द्या.

मांडवीकर
ते तर तुमच्या मोबाइल कंपनीलाही दिसतं. गेममधल्या जाहिराती ब्राउझर बदलून जात नाहीत एवढंच माझं म्हणणं.

पोर्टलवाला
दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी तालुक्याच्या ठिकाणी बातम्यांचं छोटं पोर्टल चालवतो. ग्रामपंचायतीची सभा, बाजार समितीचे दर, एसटी बंद आहे का चालू, हे मोठे पेपर देत नाहीत, आम्ही देतो. साध्या बॅनरला जे मिळतं त्यात सर्व्हरचं भाडंही निघत नाही, व्हिडिओला दर चांगला मिळतो म्हणून प्रत्येक बातमीत तो प्लेयर चिकटवलेला असतो. वाचणाऱ्याला त्रास होतो हे आम्हालाही दिसतं. पण सगळ्यांनी सगळंच अडवलं तर आमच्यासारखे आधी बंद पडतील, मोठे नाही.

मुठाकाठची
@पोर्टलवाला तुमचं म्हणणं पटतं, पण दिवसाला दीड जीबी विकत घेणाऱ्या बाईच्या पॅकमधून तुमचा व्हिडिओ चालतो, त्याचे पैसे ती भरते. म्हणजे वर्गणी तिने दिलीच, फक्त तुम्हाला न मिळता मोबाइल कंपनीला मिळाली. एक साधी चित्राची जाहिरात ठेवा, गावातल्या कापड दुकानाची ठेवा, मी स्वतः तुमच्या साइटवर ब्लॉकर बंद ठेवीन. युब्लॉकमध्ये ते मोठं पॉवरचं बटण दाबलं की तेवढ्या साइटपुरतं बंद होतं, बाकी ठिकाणी चालू राहतं.

पोर्टलवाला
गावातली दुकानं दिवाळी आणि नेत्यांच्या वाढदिवसाला जाहिरात देतात. बाकीचे दहा महिने काय करायचं? तरी तुमची सूचना लक्षात ठेवतो, प्लेयर निदान आपोआप सुरू होऊ नये एवढं करता येतं का बघतो.

सातबारावाला
अवांतर: पॉपअप जाहिरातीचा कोड लिहिणारे इथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये लेख लिहून त्याबद्दल माफी मागितली होती. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर दिसली, म्हणून त्या पानाला न चिकटता वेगळ्या खिडकीत जाहिरात उघडायची युक्ती काढली, अशी ती गोष्ट. मला आठवतंय, सायबर कॅफेत एक साइट उघडली की मागं खिडक्यांची रांग लागायची, तासाचे पैसे त्या बंद करण्यात जायचे. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, २००४ साली, इंटरनेट एक्सप्लोररला पॉपअप ब्लॉकर आला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

वारणाकाठ
मंडळी, फायरफॉक्स टाकलं, युब्लॉक टाकलं, ऑटोप्लेचं पण केलं. मी फायरफॉक्स उघडून बातमी शोधली तर एकदम स्वच्छ, पान झटक्यात उघडतं. पण आईच्या हातात फोन दिला आणि तिनं बातमी उघडली तर परत तोच व्हिडिओ, तोच आवाज!! हे कसं काय? एकाच फोनवर?

चहाबाज
होऊच शकत नाही. युब्लॉक चालू आहे का बघा. मेनूत एक्स्टेन्शनमध्ये.

मुठाकाठची
थांबा. आई बातमी उघडते ती कुठून? फायरफॉक्सच्या चिन्हावर बोट ठेवून, का दुसरीकडून?

वारणाकाठ
तिला ब्राउझर वगैरे माहीत नाही हो. होम स्क्रीन उजवीकडे सरकवली की बातम्यांची यादी येते, तिथून. आणि गावच्या ग्रुपमध्ये लोक लिंक टाकतात, तिथून.

मुठाकाठची
सापडलं. ती यादी गूगल अ‍ॅपची, तिथली बातमी फायरफॉक्समध्ये उघडतच नाहीये. दोन गोष्टी करा. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स, ब्राउझर, तिथं फायरफॉक्स निवडा. मग गूगल अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जनरलमध्ये वेब पानं अ‍ॅपमध्येच उघडा असा पर्याय आहे, तो बंद करा. आणि ग्रुप ज्या अ‍ॅपमध्ये आहे त्याला स्वतःचा आतला ब्राउझर आहे का बघा. खूण सांगते: लिंक उघडल्यावर वर डाव्या कोपऱ्यात फुली दिसते आणि टॅबचा चौकोन नसतो. तसं असेल तर त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लिंक बाहेर उघडा असा पर्याय शोधा, नाहीच सापडला तर तीन टिंबांमध्ये ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असतं, ते आईला शिकवा. माझ्या सासूबाईंच्या फोनवर हाच घोळ होता, ब्राउझर कितीही चांगला टाका, लिंक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

आठबेचाळीस_लोकल
हे बरोबर आहे. ब्रेव्ह असतं तरी हेच झालं असतं, मान्य.

वारणाकाठ
ताई, जमलं!! यादीतून उघडलं तरी फायरफॉक्सच येतंय. ग्रुपवालं अ‍ॅप आतच उघडत होतं, त्याचंही सेटिंग सापडलं. आई म्हणते अक्षरं पण मोठी दिसायला लागली, ते मी काही केलेलं नाही, बहुतेक व्हिडिओ गेल्यामुळं जागा झाली. आता एकच राहिलंय, फोन नुसता ठेवलेला असताना वरून सारखं ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘बक्षीस लागलंय’ असं येत राहतं. तेही याच भानगडीतलं का?

टेकतात्या
त्याला अजिबात हात लावू नका, आईंनाही सांगा. कधीतरी एखाद्या साइटने सूचना पाठवू का विचारलं आणि ‘अनुमती द्या’ दाबलं गेलं, तिथून ते येतंय. ती नोटिफिकेशन दाबून धरा, कुठल्या ब्राउझरकडून आली ते दिसेल. क्रोमकडून असेल तर क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनमध्ये जा, परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल, अनोळखी सगळ्या काढून टाका आणि विचारणंच बंद करा. क्रोमचं नाव नसेल आणि पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येत असेल तर मग कुठलंतरी अ‍ॅप आहे, टॉर्च नाहीतर फोन साफ करणारं. सेटिंगमध्ये इतर अ‍ॅप्सच्या वर दाखवा ही परवानगी कुणाकुणाला आहे बघा, तिथं चोर सापडतो.

वारणाकाठ
क्रोमच आहे. यादी केवढी मोठी आहे, ज्योतिषापासून नोकरीपर्यंत सगळं. एकेक काढतोय. @पोर्टलवाला तुमच्या साइटचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या भागातली असेल तर आईच्या फोनवर तिथं ब्लॉकर बंद ठेवतो.

मिरजेची_वहिनी
मला पण हेच हवं होतं पण माझा आयफोन आहे. चहाबाज भाऊ, मी पण फायरफॉक्स टाकू का?

चहाबाज
हो टाका ताई, बिनधास्त.

टेकतात्या
नका टाकू, निदान यासाठी तरी नका. आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, आत सफारीचंच इंजिन असतं, युब्लॉक ओरिजिन त्या फायरफॉक्समध्ये चालत नाही. तुम्ही सफारीच ठेवा आणि अ‍ॅप स्टोअरमधून एखादा कंटेंट ब्लॉकर घ्या, तो फोनच्या सेटिंगमध्ये सफारीच्या एक्स्टेन्शनमध्ये जाऊन चालू करावा लागतो, नुसता टाकून काही होत नाही. शिवाय नेहमीच्या बातम्यांच्या साइटवर पत्त्याच्या पट्टीतल्या मेनूतून रीडर चालू करा, त्या साइटसाठी तो आपोआप उघडावा असंही ठरवता येतं. मग नुसता मजकूर येतो. काही साइटवर रीडरचा पर्याय दिसत नाही, तिथं ब्लॉकरवरच भागवायचं.