नवा मासा थेट टाकीत सोडू नका : माझं ठाम मत, तुमचं सांगा

संत्रापट्टा_रीफ (धागाकर्ता)

मी वरुड तालुक्यातल्या खेड्यात राहतो. घरी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे, साधारण 300 लिटरची. सात महिने नीट चालली. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, तीन डॅमसेल, दगडांवर थोडे मऊ कोरल आणि गोगलगायी. जानेवारीत नागपूरहून निळा टँग मासा आणला. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली आणि सोडून दिला.

पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दोन दिवसांत ते गेले. मी खाण्याला लसणाचा रस लावत होतो, त्यानंच गुण आला असं समजून निश्चिंत झालो. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या अंगावर ठिपके, कल्ल्यांना धाप. सातातले सहा मासे गेले, एक क्लाउन तेवढा उरला.

ठिपके गेले ते लसणानं नाही. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा परजीवी तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत राहून पोट भरतो आणि मग आपणहून खाली उतरतो. वाळूला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. आत त्याचे भाग होत जातात, आणि कवच फुटलं की शेकडो पिल्लं मासा शोधत पोहायला लागतात. समुद्रात त्यातल्या बहुतेकांना मासा सापडतच नाही. आपल्या टाकीत चार फुटांपलीकडे जागाच नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. प्रत्येक नवा मासा किमान 30 दिवस वेगळ्या टाकीत राहिला पाहिजे. ज्याला ते जमत नाही त्यानं पुढचा मासा आणू नये. मोठ्या टाकीत रोग शिरला की तिथं औषध टाकता येत नाही, कारण तांब्याच्या औषधानं गोगलगायी आणि कोरल मरतात.

पूर्णाकाठ

भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण तुमचं मत मला मान्य नाही. आणि हे न करता बोलत नाही, करून पाहिलंय.

40 लिटरचा टब, नवा स्पंज फिल्टर, एक क्लाउनफिश. तिसऱ्या दिवशी अमोनिया वाढला. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो आणि पीएच व तापमान जितकं जास्त तितका अमोनिया जहाल. मासा गेला, तोही अंगावर एक ठिपका नसताना. फिल्टरमध्ये बॅक्टेरिया बसायलाच तीन-चार आठवडे लागतात, हे वेगळी टाकी करा म्हणणारा कोणी आधी सांगत नाही.

दुसरं, आमच्याकडं गावठाण फिडर रात्री तीन-तीन तास जातो. एका इन्व्हर्टरवर मोठ्या टाकीचा पंप चालवू की टबाचा? मासे कमी ठेवा, दोन खरेद्यांत अंतर ठेवा, पाणी आणि तापमान स्थिर ठेवा, चांगलं खाऊ घाला. आजारातून वाचलेल्या माशाला काही महिने या परजीवीविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्तीही येते. माझी टाकी दोन वर्षं अशीच चालू आहे.

शेळीवाली_मोर्शी

दादा, टाकी माह्या पोराची हाय, मी नुसती पाह्यते. पण आमच्या घरी बाजारातून आनलेली बकरी कधीच सरळ कळपात जात नाई. तीन आठवडे वेगळ्या छपरीत बांधतो. एका वर्षी घाई केली तं पीपीआर रोगानं अर्धा कळप गेला. लम्पीच्या टायमाले 2022 मंदी गुरांचे बाजारच बंद ठेवले होते नं? मंग माशाले वेगळं ठेवाले काय हरकत हाय?

पूर्णाकाठ

ताई, तुमचं बरोबर आहे, पण बकरीला छपरीत मोकळी हवा मिळते आणि लेंड्या झाडून टाकता येतात. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच त्याची घाण साचते. पाणी तयार नसेल तर ती छपरी नाही राहत, बंद कोठडी होते. माझा विरोध वेगळं ठेवण्याला नाही, अर्धवट तयारीनं वेगळं ठेवण्याला आहे.

दर्यापूर_नवखा

मध्येच विचारतो. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारटच आहे. टबासाठी तेच वापरलं तर मिठाचा खर्च वाचेल का?

संत्रापट्टा_रीफ

नाही. चवीला खारट म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, मॅग्नेशियम-कॅल्शियमचं प्रमाण समुद्रासारखं नाही. आरओचं पाणी आणि समुद्री मीठ, दुसरा मार्ग नाही.

बागायतदार_काटोल

झाडांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद घरात पडलंय. तेही तांबंच. टबात चिमूटभर टाकलं तर?

संत्रापट्टा_रीफ

कृपा करून टाकू नका. हिशेब मांडून दाखवतो. माशाला सोसेल आणि परजीवी मरेल असं मोकळ्या तांब्याचं प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा. म्हणजे 100 लिटरला मोरचूद जेमतेम 80 मिलिग्रॅम. चिमटीत त्याच्या कितीतरी पट येतं. बोर्डोला आपण 100 लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना घालतो, त्यामुळं हाताला त्याच मापाची सवय असते. शिवाय खाऱ्या पाण्यात तांबं खाली बसतं, दगड आणि वाळू ते शोषून घेतात, म्हणून आज बरोबर असलेलं प्रमाण उद्या कमी भरतं. तयार औषधाची बाटली आणि मोजायचा किट, दोन्ही घ्या. बाटलीतलं तांबं मोकळं नसून दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं (चिलेटेड) असेल तर त्याचं प्रमाण वेगळं असतं, लेबल वाचा. टबात दगड नको, वाळू नको, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेत.

पूर्णाकाठ

पाहा, तुम्हीच माझा मुद्दा मांडताय. इतकं बारीक माप, रोजची तपासणी, आणि एवढं करूनही तांब्यानं सगळं जात नाही. अंगावरच्या चपट्या कृमींना त्याचा उपयोग नाही, त्यांना प्राझिक्वान्टेल हे औषध लागतं. क्लाउनला होणारा ब्रुकलिनेला हा परजीवी तांब्याला जुमानत नाही. 30 दिवस तांब्यात ठेवला म्हणजे मासा शुद्ध झाला, हा विश्वासच धोक्याचा आहे.

यवतमाळ_खारं

तुमच्या दोघांच्या भांडणात एक पद्धत राहूनच गेली. मी औषध वापरत नाही आणि फिल्टरही लावत नाही. दोन टब, हवेचे बुडबुडे सोडणारे दोन एअर स्टोन, बस.

माशावरून उतरलेला परजीवी कवच करून पिल्लं सोडेपर्यंत किमान तीन दिवस जातात. ते पूर्ण होण्याआधी मासा दुसऱ्या टबात हलवायचा. असं चार वेळा, 12 दिवसांत काम संपतं. परजीवी मागच्या टबातच राहतो. दर वेळी पाणी नवं, त्यामुळं अमोनिया साचायला वेळच मिळत नाही. रिकामा टब, जाळी, एअर स्टोन धुऊन कडक उन्हात खडखडीत वाळवायचं. वाळलं की कवच मरतं, आणि ऊन आपल्याकडं काही विकत आणावं लागत नाही. 40 लिटरच्या टबाला दर वेळी दीड किलोच्या आसपास मीठ लागतं, पाच भरण्यांना साडेसात किलो. वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप पुरतो. नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मात्र अगदी जुळवा.

पूर्णाकाठ

हे पटतं. पण व्हेल्वेट रोगाचं काय? त्याचा परजीवी अमायलूडिनियम याहून झपाट्यानं वाढतो, एका कवचातून 256 पर्यंत पिल्लं निघतात, आणि टब बदलून त्याची खात्री देता येत नाही.

यवतमाळ_खारं

बरोबर. म्हणून 12 दिवसांनंतर मासा आणखी दोन-तीन आठवडे नजरेखाली ठेवतो. अंगावर सोनेरी भुकटीसारखं दिसलं, मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहायला लागला, तर त्याच दिवशी तांबं सुरू. तिथं थांबून चालत नाही.

संत्रापट्टा_रीफ

पूर्णाकाठ भाऊ, अमोनियाचा मुद्दा मान्य. 30 दिवसांचा आकडा मी सरसकट सगळ्यांना सांगायला नको होता. टब बदलण्याची पद्धत पुढच्या माशाला करीन. पण कमी मासे आणि चांगलं खाणं एवढ्यावर मी टाकी सोडणार नाही. माझे मासे खात होते, पाणी ठीक होतं, तरी सहा गेले. तुमची टाकी दोन वर्षं चालली याचं कारण एकच असू शकतं, की तुमच्याकडं आजारी मासा अजून आलेला नाही.

आणि गोगलगाय, कोरलचा दगड यांच्यावरूनही कवच येतं. त्या वस्तूही मासा नसलेल्या भांड्यात ठेवल्याशिवाय आत घेऊ नयेत.

पूर्णाकाठ

असेल. माझे क्लाउन पैदाशीचे आहेत, समुद्रातून पकडलेले नाहीत, हेही कारण असावं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाउनची पैदास केव्हाच करून दाखवली आहे. पैदाशीचा मासा मागून घ्या, भाव जास्त पडला तरी. अर्थात दुकानात तो पकडलेल्या माशांच्याच पाण्यात ठेवला असेल तर उपयोग नाही, तेही विचारा.

आता तुमची टाकी रिकामी आहे ना? किती दिवस ठेवणार?

संत्रापट्टा_रीफ

76 दिवस. कवच 72 दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे, म्हणून तेवढे. आज 31 वा. उरलेला क्लाउन टबात आहे, काल पहिल्यांदा हातासमोर येऊन खाल्लं त्यानं.

पूर्णाकाठ

म्हणजे एप्रिलच्या मध्याला संपतील. क्लाउनला परत सोडा, पण नवा मासा तेव्हा आणू नका. 43-44 डिग्रीत नागपूरहून एसटीत पिशवी येईस्तोवर मासा अर्धा मेलेला असतो, तुमचा टब कितीही स्वच्छ असो. पंख्यावर टाकी थंड ठेवताना माझं रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं, खारटपणा सांभाळतानाच मे महिना जातो.

संत्रापट्टा_रीफ

हे मात्र लगेच ऐकतो. मृग लागल्यावरच आणतो. तोवर दुसरा टब आणि किट घेऊन ठेवतो.

शेळीवाली_मोर्शी

पोराले वाचून दाखवलं. तो म्हन्ते दोन टब आपल्याच घरी हायेत, पन त्यात निरमा भिजवला होता. चालते काय?

यवतमाळ_खारं

नाही ताई, साबणाचा अंश प्लॅस्टिकमध्ये राहतो. नवेच घ्या, आणि ते फक्त माशांसाठीच ठेवा.