कुत्र्याच्या तयार खाद्यातील धान्य: नुसती भर की पोषण?

शेवंती:
आमच्या घरी एक लॅब्रडॉर कुत्री आणि एक मांजर आहे. कुत्रीला आम्ही कोरडे तयार खाद्य देतो. त्याच्या पाकिटावर घटकांच्या यादीत सर्वांत आधी ‘तृणधान्ये व त्यांचे उपपदार्थ’ असे लिहिलेले असते. कुत्रा मुळात मांसाहारी, त्यामुळे धान्य त्याला पचत नाही आणि कंपन्या ते केवळ स्वस्त म्हणून घालतात, असे सांगून दुकानदाराने कितीतरी महाग असे ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेले, खाद्य सुचवले. पैसे खर्चायला आमची ना नाही, पण त्यातून तिचे भले होणार आहे का, हे आधी समजून घ्यायचे आहे. मका, गहू, तांदूळ यांतून कुत्र्याला नेमके काय मिळते? आणि तेच मांजरालाही लागू पडते का?

अंगणवेल:
धान्य कुत्र्याला पचत नाही, हे विधान चुकीचे आहे. लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना करणारा एक महत्त्वाचा अभ्यास 2013 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्टार्चचे पचन करणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या लांडग्यात साधारणपणे 2 प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या वस्तीजवळ, त्याच्या उष्ट्या-उरल्या अन्नावर जगताना कुत्र्याच्या शरीरात हा बदल झाला असावा, असे संशोधकांचे मत आहे.

अर्थात कच्चे धान्य आणि शिजलेले धान्य यांत मोठा फरक आहे. कोरडे खाद्य तयार करताना दळलेले मिश्रण वाफ, उष्णता आणि दाब यांखाली शिजवून साच्यातून काढतात. त्यात स्टार्चचे कण पाणी शोषून फुलतात आणि मग कुत्र्याच्या आतड्यात त्यातील बहुतेक भाग पचतो. शिवाय मक्यातून केवळ स्टार्चच मिळते असे नाही. त्वचा आणि केस चांगले राहण्यासाठी लागणारे लिनोलेइक आम्ल त्याच्या तेलात भरपूर असते. घटकांच्या यादीत दिसणारे ‘कॉर्न ग्लुटेन मील’, म्हणजे मक्यातील स्टार्च काढल्यावर उरणारा भाग, तर सुमारे 60 टक्के प्रथिनांचे असते. त्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, हे मात्र खरे. म्हणून मक्याच्या जोडीला मांस, अंडी किंवा सोयाबीन असणे आवश्यक ठरते. माझ्या मते पाकिटावर धान्य आहे की नाही यापेक्षा त्याच्या सोबत काय आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

पाणंद:
ग्रेन-फ्री म्हणजे स्टार्चविरहित नव्हे, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. कोरड्या खाद्याचा दाणा बांधला जाण्यासाठी स्टार्च लागतेच, त्यामुळे धान्य काढले की त्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा किंवा बटाटा येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये अशा खाद्यांबाबत चौकशी जाहीर केली, कारण हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय मोठे होण्याचा विकार, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथी, एरवी हा आजार फारसा न होणाऱ्या जातींच्या कुत्र्यांतही दिसू लागला होता. जानेवारी 2014 ते एप्रिल 2019 या काळात त्यांच्याकडे अशा 524 नोंदी आल्या आणि त्यांतील 90 टक्क्यांहून अधिक खाद्ये ग्रेन-फ्री होती. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे त्या प्रशासनानेही स्पष्ट केले आहे. तरीही ज्या कुत्रीला सध्याचे खाद्य उत्तम मानवते आहे, तिचे खाद्य कोणत्याही वैद्यकीय कारणाशिवाय बदलावे, असे मला मुळीच वाटत नाही.

खाज सुटते म्हणून धान्य बंद करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाद्याच्या ॲलर्जीविषयीच्या 2016 च्या एका आढाव्यात कुत्र्यांमध्ये गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन यांचा क्रम आधी लागला. गहू त्यांच्यानंतर आला, तर मका आणि तांदूळ बरेच खाली होते.

खळं:
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, परंतु धान्याचा एक खरा धोका सांगितलाच पाहिजे. मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृत निकामी करणारे विष तयार करते आणि खाद्य शिजवताना ते पूर्णपणे नष्ट होत नाही. 2020 च्या अखेरीस अमेरिकेत स्पोर्टमिक्स नावाच्या खाद्यात हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले, अनेक कुत्री दगावली आणि माल परत मागवावा लागला. म्हणून कंपनी कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेची तपासणी करते का, हे तिला पत्र लिहून अवश्य विचारावे. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा उघडी पोती तोलून विकणाऱ्या दुकानातून खाद्य घेऊ नये आणि घरीही मूळ पाकीट घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावे.

शेवंती:
सर्वांचे मनापासून आभार. पाकिटावर कर्बोदकांचा आकडा कुठेच दिसत नाही. तो कसा काढावा? आणि मांजराचे काय?

अंगणवेल:
प्रथिने, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खाद्यातील खनिजे) यांची बेरीज 100 मधून वजा करावी. उदाहरणार्थ 22, 10, 5, 10 आणि 8 असे आकडे असतील, तर कर्बोदके साधारण 45 टक्के येतात. राखेचा आकडा छापलेला नसल्यास 7 किंवा 8 धरावा.

मांजराचा विचार मात्र पूर्णपणे वेगळा करावा लागतो. शिजवलेले स्टार्च तेही पचवते, पण त्याचे स्वादुपिंड अमायलेज फार कमी तयार करते आणि ऊर्जेसाठी त्याचे यकृत सतत प्रथिने वापरत राहते. म्हणूनच अमेरिकेतील मानकांनुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या (म्हणजे ओलावा वगळून) किमान 18 टक्के प्रथिने लागतात, तर मांजराच्या खाद्यात 26 टक्के. टॉरिन हे मांसात असणारे अमिनो आम्लही मांजराला अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडल्यास हृदय आणि डोळ्यांचा पडदा यांवर परिणाम होतो, आणि धान्यात ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे कुत्रीच्या भांड्यातले खाद्य मांजर रोज खात असेल, तर दोघींची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवा.