'लंडन खेळा, थिअरी नको' म्हणणाऱ्या कोचसाहेबांना

सुदामानगरचा उंट: परवा एका बुद्धिबळाच्या कोचने इथे लिहिलं, 'दहा वर्षांखालच्या मुलांना फक्त लंडन शिकवा, थिअरी लागत नाही.' लंडन म्हणजे पांढऱ्याची ठरावीक सुरुवात, म्हणजे ओपनिंग; थिअरी म्हणजे ओपनिंगच्या अभ्यासलेल्या चाली आणि त्यांची उत्तरं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. रविवारी आपल्या इंदूरच्या रॅपिड (जलद डावांच्या) स्पर्धेत टेबलांमधून फिरलो. जिकडे बघावं तिकडे लंडनच्याच चाली: डी-फोर, उंट एफ-फोर, ई-थ्री, सी-थ्री. समोरचा काय खेळतोय, पत्ता नाही! एका पाटावर काळ्याने वजीर बी-सिक्सला आणला, पांढऱ्याने बी-थ्रीला. काळ्याचं प्यादं सी-फोर, पांढरा वजीर मागे सी-टू, आणि काळ्याने उंट सरळ एफ-फाइव्हला ठेवला. पांढऱ्याच्या पोराने फुकटचा समजून वजिराने मारला. काळा वजीर बी-टूवर घुसला, कोपऱ्यातला हत्ती गेला. पोर टेबलावरच रडायला लागलं.

हत्तीमोकळा: मग दोष लंडनचा का? सी-टूऐवजी वजीर सी-वनला न्यायचा, एवढं सांगायला किती वेळ लागतो? २०२३ मध्ये अस्तानाला जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सहाव्या डावात नेपोला (नेपोम्नियाचीला) लंडननेच हरवलं.

सुदामानगरचा उंट: डिंग आणि आपलं चौथीतलं पोर एकच का हो?

अंडरनाइनची आई: ओपनिंगचं सोडा, रेटिंगचं बोला. मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, २००० च्या खालच्यांना २००० पर्यंतच्या फरकाच्या ४० टक्के गुण वाढवून दिले. १२०० वाला रातोरात १५२०! एका क्लासने तेच आकडे 'विद्यार्थ्यांची प्रगती' म्हणून जाहिरातीत छापले. आम्ही भुललो, वर्षाची फी भरून बसलो.

हत्तीमोकळा: ताई, ती वाढ गरजेची होती. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन खेळून पोरं तयार झाली, रेटिंग मात्र जुनंच. त्यांच्याशी हरून सगळ्यांचंच घसरत होतं.

दोनहजारदहा: सगळ्यांचं? मी २०१० वर, मला दमडी मिळाली नाही. ज्यांना वर्षानुवर्षं धुतलं, ते आता शेजारी बसून मला एंडगेम (डावाचा शेवट) समजावतात.

हत्तीमोकळा: मग हरवा ना त्यांना! रडगाणं कशाला?

दोनहजारदहा: तू ये रविवारी. काळी मोहरी घेतो.

सुदामानगरचा उंट: अहो, धागा लंडनचा आहे! बरं, बी-सिक्सचं उत्तर शिकवणार असाल तर शिकवा. पण मग 'थिअरी लागत नाही' हे आधी खोडा.

हत्तीमोकळा: खोडलं, महाराज. तुमच्या पठ्ठ्याला सिसिलियन ओपनिंगमध्ये किल्लेबंदी कधी करायची तेही सांगा. परवा राजा मधोमध उभा होता.

अंडरनाइनची आई: आणि माझ्या फीचं काय?