डेलिना की डेलिना एक्स्क्लुझिफ? संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी

प्रश्न: कृष्णाकाठ, सांगली
डिसेंबरात लॉनवर रिसेप्शन आहे, सात ते अकरा. पार्फम्स द मार्ली या परफ्यूम कंपनीच्या डेलिना (2017) आणि डेलिना एक्स्क्लुझिफ (2018) या दोन्हींत लिची आणि तुर्की गुलाब आहे. कागदी पट्टीवर दोन्ही सारखीच वाटतात. पैठणी नेसणार, मोगऱ्याचा गजराही असेल. कोणतं घ्यावं?

गुलाबदाणी, सातारा
पहिली दहा मिनिटं दोन्हींत लिचीच पुढे असते, म्हणून पट्टीवर फरक कळत नाही. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं असा एकेक फवारा मारा. चोळू नका. अर्ध्या तासाने वास घ्या आणि पुन्हा तीन तासांनी. डेलिनात रुबार्ब आहे, अंबाडीच्या देठासारखी आंबट चुणूक देणारं; मागून पिओनीचं फूल आणि नुकत्या धुतलेल्या सुती कपड्यासारखा मस्क. एक्स्क्लुझिफमध्ये रुबार्बच्या जागी पेअर येतं, गुलाबाखाली ऊद, धूप आणि व्हॅनिला. तिसऱ्या तासाला त्यातला गुलाब गुलकंदाकडे झुकतो. थंडीत, उघड्यावर वास कमी पसरतो, म्हणून तुम्हाला जास्त दाट असलेलं एक्स्क्लुझिफच. मे महिन्यात बंद कार्यालयात मात्र तेच डोकं उठवेल. तिथे डेलिना बरं.

सुगंधा, मिरज
ताई, गजऱ्याचं लक्षात ठेवा. मोगरा केसांत असला की मानेवरचं परफ्यूम त्याच्यात गढूळ होतं, दोन्हींपैकी एकही नीट कळत नाही. मानेऐवजी कोपराच्या आतल्या बाजूला आणि पोटावर मारा. एक्स्क्लुझिफचे दोन फवारे पुरे, डेलिनाचे चार. रेशमावर डाग पडतो आणि तो निघता निघत नाही, तेव्हा साडी नेसायच्या पंधरा मिनिटं आधी मारा, पूर्ण वाळू द्या. थंडीत कातडी कोरडी असते, वास लवकर विरतो. आधी बिनवासाचं क्रीम चोपडा.

गुलाबदाणी, सातारा
अगदी बरोबर, पोटाचं मी विसरले होते. आणखी एक: तासाभराने आपल्या नाकाला तो वास येईनासा होतो, बाजूच्या माणसाला येतच असतो. म्हणून नऊ वाजता पुन्हा फवारू नका.

कृष्णाकाठ, सांगली
मग बाटलीआधी दोन्हींचे 2 मिलीचे नमुने मागवू का?

सुगंधा, मिरज
हो, 2 मिलीत साधारण वीस फवारे निघतात. एक संध्याकाळ एकच वापरा, दुसरं दुसऱ्या दिवशी, आणि गजरा माळूनच.