नेरूळच्या रो-हाउसला हीट पंप घ्यावा का?

प्रेषक: मृणाल, एडिसन
प्रति: मंडळाची ईमेल यादी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या निरोपांमध्ये हा विषय घुसवते आहे, कार्यकारिणीने रागावू नये.

नेरूळला आई-बाबांचं जुनं, सिडकोचं रो-हाउस आहे. गच्चीवरच्या सोलरची टाकी गळायला लागली आहे आणि पावसाळ्यात त्याचं पाणी कोमटसुद्धा होत नाही, अशी आईची कायमची तक्रार. दोन बाथरूममध्ये दोन जुने गीझर आहेत. आमच्या इथल्या, न्यू जर्सीतल्या घरात फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं मशीन, बसवला, गॅरेजमध्ये पाणी तापवायलाही हीट पंपच घेतला, आणि बिलं बघून आम्ही खूश आहोत. म्हणून नेरूळलाही तेच करावं असं मनात आहे.

वाशीतल्या एका दुकानदाराने २०० लिटरच्या मशीनचा बसवण्यासकट भाव लाखाच्या वर सांगितला. "तिप्पट वीज वाचते मॅडम" म्हणाला. बाबा म्हणतात, "आम्हा दोघांना कशाला एवढं लचांड?" ते नेहमीप्रमाणे खर्चाला कचरतायत असं मला वाटतं. ठाणे-नवी मुंबईत कुणी बसवलंय का? आणि इथूनच मशीन पाठवलं तर?

मृणाल

---

प्रेषक: अविनाश, पाचपाखाडी, ठाणे

मृणाल,

ठाण्याला परत आलो तरी यादीवरून नाव काढलं नाही, त्याचा आज उपयोग होतोय. आयुष्यभर एसी आणि चिलरचीच कामं केली, तेव्हा जरा पाल्हाळ लावणार आहे.

आधी त्या दुकानदाराचं. तिप्पट वीज वाचणं गणितातच बसत नाही. सगळीच्या सगळी वाचली तरी एकपटच वाचेल. त्याला म्हणायचंय की एक-तृतीयांश लागते, आणि ते खरं आहे. गीझरची कॉइल एक युनिट वीज खाते आणि एक युनिट उष्णता देते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून पाण्यात टाकतो, त्यामुळे नेरूळच्या हवेत एका युनिटला तीन-चार युनिट उष्णता सहज मिळते. आपण ज्याला कंटाळतो तो जुलैमधला दमटपणा या मशीनला मानवतो. हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होऊन गळते तेव्हा तिचीही उष्णता पदरात पडते. मशीन उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही.

आता बादलीचा हिशोब कर. हिवाळ्यात सकाळी नेरूळच्या नळाला साधारण २४ अंशाचं पाणी येतं असं धर. आंघोळीला ४२ अंश पुष्कळ झाले. २० लिटरची बादली १८ अंशांनी तापवायची म्हणजे ३६० किलोकॅलरी. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे एका बादलीला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. आई-बाबांच्या मिळून तीन बादल्या धर, गीझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता धर, तरी दिवसाला दीड-दोन युनिट. युनिटला दहा रुपये लावलेस तर पंधरा-वीस रुपये. तेही थंडीत. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, तेव्हा गीझर लावतो कोण? वर्षाचा खर्च फार तर चार हजार. हीट पंपाने त्यातले अडीच हजार वाचवले, तर लाखाच्या मशीनचे पैसे फिटायला चाळीस वर्षं. मशीन पंधरा वर्षं चाललं तर नशीब समज.

हेच एडिसनला का परवडतं? तिथे हिवाळ्यात नळाचं पाणी दहा अंशाच्याही खाली जातं आणि माणसं बादलीने नाही, शॉवरखाली उभी राहून आंघोळ करतात. चार माणसांच्या घरात २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायचं म्हटलं की रोजची नऊ युनिट झाली, आणि नऊची तीन झाली तर बिलात दिसतं. शिवाय तुमचा खरा फायदा घर गरम ठेवण्यात आहे, पाण्यात नव्हे. ते काम नेरूळला नाहीच. इकडे दुकानात "हॉट अँड कोल्ड" एसी दाखवतात, तोही हीट पंपच, पण दिल्ली-चंदीगडसाठी. नेरूळला बाबांनी ते गरम करणारं बटण एकदाही दाबलं तर मला कळव.

तिकडून मशीन पाठवण्याचा विचार सोड. तुमच्याकडचं २४० व्होल्ट, ६० हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे विजेची वारंवारता) चालतं. इकडे २३० व्होल्ट, पण ५० हर्ट्झ. व्होल्टेज जवळपास जुळतं म्हणून लोक फसतात. कॉम्प्रेसर आणि बोर्ड ६० हर्ट्झचे असले तर ट्रान्सफॉर्मर लावून हर्ट्झ बदलत नाहीत. शिवाय गॅस भरायला येणारा मेकॅनिक ते उघडून नुसता बघत बसेल.

अविनाश

---

प्रेषक: सुहास, घोडबंदर रोड

अविनाशकाकांचा हिशोब दोघांच्या घराला पटला. पण त्यावरून "ठाण्यात हीट पंप नको" असा निष्कर्ष कुणी काढू नये, म्हणून लिहितो.

आमच्या टॉवरला महापालिकेच्या नियमाप्रमाणे बिल्डरने गच्चीवर सोलर लावून दिला. एवढ्या मजल्यांना पुरेल एवढी गच्चीच नाही, म्हणून गरम पाणी फक्त वरच्या काही मजल्यांना. तिथेही गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागतं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात! अशा ठिकाणी, किंवा हॉस्पिटल, हॉटेल, होस्टेलला, जिथे दिवसभर हजारो लिटर गरम पाणी लागतं, तिथे हीट पंपाला तोड नाही. लाख-दोन लाख तिथे लवकर फिटतात.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी चार गोष्टी बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर क्षार आतल्या नळ्यांवर बसतात आणि ती तीन-चार पट कमाई हळूहळू घसरते. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजण्यासाठीच असतो, तो बदलून कोण देणार हे आधी विचारा. खाडीकाठी असाल तर कॉइलच्या पत्र्यांना कोटिंग आहे का बघा, नाहीतर खारी हवा पत्रे खाऊन टाकते. आणि मशीन कुणाच्या बेडरूमच्या खिडकीखाली लावू नका. आमच्या सोसायटीत आवाजावरून जी सभा झाली, तिच्यापुढे गणपतीच्या वर्गणीची सभा शांत वाटावी.

सुहास

---

प्रेषक: प्रसाद, नॉर्थ ब्रन्सविक

थोडं विषयांतर. इथे न्यू जर्सीत घर गरम करायला हीट पंप घेणाऱ्यांनी काकांचीच पद्धत वापरावी: मशीन नंतर, आधी घराची गरज. कंत्राटदार जुन्या फर्नेसवरचा आकडा बघून तेवढ्याच टनांचा पंप सुचवतो. त्याला मॅन्युअल जे हिशोब मागा, म्हणजे घराला किती उष्णता लागते हे मोजायची इथली ठरलेली पद्धत. मशीन मोठं झालं तर सारखं चालू-बंद होतं. आणि कोटेशनमध्ये सौम्य थंडीचा, ४७ फॅरनहाइटचा (८ सेल्सिअस) आकडा न बघता कडाक्याच्या थंडीत, ५ फॅरनहाइटला (उणे १५ सेल्सिअस) किती बीटीयू (उष्णतेचं माप) देतं ते लिहून घ्या. मशीनमध्ये फिरणारा जुना आर-४१०ए गॅस १ जानेवारी २०२५ पासून बनणाऱ्या नव्या घरगुती सिस्टिममधून गेला, आता आर-३२ किंवा आर-४५४बी येतो. केंद्राची ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलरची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, तेव्हा जुने लेख वाचून ती धरून बसू नका.

प्रसाद

---

प्रेषक: मृणाल, एडिसन

काका, तुमचा बादलीचा हिशोब बाबांना पाठवला. त्यांनी तो छापून फ्रिजवर लावलाय असं आई सांगते. आता वर्षभर ऐकून घ्यावं लागणार.

पण दिवाळीत आम्ही चौघं, दादाचे चौघं असे सगळे नेरूळलाच असतो. अभ्यंगस्नानाला पहाटे दहा माणसांचं पाणी लागतं. तेव्हा तरी मोठी टाकी हवी ना? आणि त्या गळक्या सोलरचं काय करू?

मृणाल

---

प्रेषक: अविनाश, पाचपाखाडी, ठाणे

मृणाल,

चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी वर्षभर २०० लिटर पाणी गरम ठेवायचं नसतं. टाकी नुसती उभी राहूनही उष्णता गमावते. दोन बाथरूमना २५ लिटरचे पाच स्टारचे दोन गीझर घे. ६० अंशाचं २५ लिटर पाणी गार पाण्यात मिसळलं की ४२ अंशाचं ५० लिटर होतं, म्हणजे एका गीझरमधून अडीच बादल्या. दोन किलोवॅटची कॉइल ते अर्ध्या तासात पुन्हा तापवते. दोन्ही गीझर मिळून अर्ध्या तासाला पाच बादल्या, म्हणजे पहाटे पाचला पहिला माणूस उठवलास तर साडेसहाला सगळे फराळाला. तुमच्याकडे दहावा माणूस साडेसहाला उठतो का, हा प्रश्न हीट पंपानेही सुटणार नाही.

जुन्या घराचं वायरिंग मात्र आधी इलेक्ट्रिशियनला दाखव. गीझरची लाइन वेगळी हवी, अर्थिंग खरं हवं आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. लाखाच्या मशीनआधी हे करायचं.

गळका सोलर दुरुस्त करू नको, काढून टाक. गच्चीवर विजेचे सोलर पॅनेल बसव. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटची पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात, आणि नेट मीटर असला की दुपारची वीज महावितरणला देऊन पहाटेच्या गीझरला परत घेता येते. पावसाळ्यात उत्पादन पडतं, पण पाणी कोमट राहिलं असं होत नाही, कारण ते तापवतोय गीझर. बाबांचा पंखा, फ्रिज, मे महिन्यातला एसी, सगळं त्यातच येतं.

आई-बाबांचं शेवटचं वीजबिल मला पाठव. दोन गीझर आणि एसी एकदम चालवायचे तर मंजूर भार पुरेसा आहे का ते त्यावरून बघतो, आणि गच्ची तुमच्याच नावावर आहे ना, ते बाबांना विचारून ठेव.

अविनाश